जिथे पेटी नाही, तिथल्या बाळासाठी : शिकाऊ प्रसाविका आणि नवजात अतिदक्षता कक्ष

बाळंतपणे करण्याचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनीला काही आठवडे नवजात अतिदक्षता कक्षात का पाठवले जाते, हा प्रश्न तिच्या घरच्यांना पडतो आणि पुष्कळदा तिलाही पडतो. प्रसाविकेचे काम सुखरूप बाळंतपणाचे आहे. गरोदर बाईची तपासणी, कळा सुरू झाल्यापासूनची सोबत, बाळाचा जन्म, वार पडणे आणि बाळाला आईच्या अंगावर लावणे हे तिचे क्षेत्र. लोक ज्याला ‘पेटी’ किंवा ‘काच’ म्हणतात त्या कक्षात मात्र बाळंतपण आधीच उरकलेले असते, आई दुसऱ्या वॉर्डात असते आणि समोर असतात ती हजार-बाराशे ग्रॅमची, नळ्या आणि तारा लावलेली बाळे. शिवाय ही विद्यार्थिनी पुढे ज्या गावात नोकरी करणार तिथे अशी पेटी बहुधा नसतेच. मग हे शिक्षण कशासाठी, याचे उत्तर दासगावसारख्या गावाच्या बाजूने पाहिले की अधिक स्पष्ट होते.

दासगाव मुंबईकडून येताना महाडच्या अलीकडे, मुंबई–गोवा महामार्गावर, सावित्रीच्या खाडीकाठी आहे. तिथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पण रायगडचे जिल्हा रुग्णालय अलिबागला, म्हणजे शंभर किलोमीटरांच्या आसपास अंतरावर आहे. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांना हे अंतर आणखी लांब पडते. पावसाळ्यात तर ते किलोमीटरांत मोजताच येत नाही. जुलै २००५ मध्ये दरडी कोसळून दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांत मोठी जीवितहानी झाली, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला, आणि जुलै २०२१ मध्ये तळीये दरडीखाली आणि महाड पाण्याखाली गेले. रस्ता बंद असतो त्या तासांत आठव्या महिन्यात जन्मलेले बाळ कोणाच्या हातात असते, तर आरोग्य केंद्रातल्या प्रसाविकेच्या.

तीन पायऱ्यांची व्यवस्था

भारतात आजारी नवजात बाळांसाठी सरकारी रुग्णालयांत जी व्यवस्था आहे, तिचे मार्गदर्शक नियम केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०११ साली ठरवून दिले. बाळंतपण जिथे जिथे होते तिथे बाळाला ऊब देण्याची आणि श्वास सुरू करून देण्याची सोय असलेला नवजात शिशू कोपरा हवा, ही पहिली पायरी. तालुक्याच्या पातळीवरील मोठ्या रुग्णालयात साधारण चार खाटांचा स्थिरीकरण कक्ष, जिथे बाळाला सावरून घ्यायचे आणि गरज असेल तर पुढे पाठवायचे, ही दुसरी. आणि जिल्हा रुग्णालयासारख्या, वर्षाला तीन हजारांहून अधिक बाळंतपणे होणाऱ्या ठिकाणी बारा किंवा अधिक खाटांचा विशेष नवजात दक्षता कक्ष, ज्याला सगळे जण ‘एसएनसीयू’ म्हणतात, ही तिसरी. या कक्षाचे सहसा दोन भाग असतात: त्याच रुग्णालयात जन्मलेल्या बाळांचा एक आणि बाहेरून आणलेल्या बाळांचा दुसरा.

विद्यार्थिनीसाठी सर्वांत बोलका असतो तो हा दुसरा भाग. त्याच रुग्णालयात जन्मलेले दीड किलोचे बाळ आणि तीन तास गाडीत घालवून आलेले दीड किलोचे बाळ शेजारी शेजारी पाहिले, की वजन सारखे असूनही दोघांच्या अवस्थेत केवढा फरक असतो हे तिला पुस्तकाविना कळते. बाहेरून आलेले बाळ अनेकदा थंड पडलेले, रक्तातली साखर उतरलेली आणि श्वासाने दमलेले असते. त्याचा आजार जन्मतःच गंभीर होता असे नेहमी नसते, पुष्कळदा तो वाटेत गंभीर झालेला असतो. महाराष्ट्रात २०२० साली जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे ११ बाळे पहिल्या २८ दिवसांत दगावत होती आणि संपूर्ण देशाचा आकडा २० होता, असे नमुना नोंदणी पाहणी सांगते. अशा मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात होतात, म्हणजे बाळ प्रसाविकेच्या देखरेखीखाली असते त्याच दिवसांत.

प्रसाविका आणि अशक्त बाळांचा कक्ष यांचे नाते नवे नाही. पॅरिसच्या मातेर्निते रुग्णालयात स्तेफान तार्निए या डॉक्टरांनी १८८० च्या सुमारास कोंबडीची अंडी उबवण्याच्या पेटीवरून सुचलेली बाळांची पेटी वापरात आणली. पण १८९३ मध्ये दुबळ्या बाळांसाठी तिथे वेगळा कक्ष उभा केला तो त्या रुग्णालयाच्या मुख्य प्रसाविका मादाम आंरी यांनी. बाळ जन्मल्यावर आपले काम संपत नाही, हे त्या काळात एका प्रसाविकेने ओळखले होते, ही गोष्ट आजच्या विद्यार्थिनींना पहिल्याच तासाला सांगायला हवी.

पहिला दिवस : आवाज, हात आणि नजर

कक्षात शिरण्यापूर्वी चप्पल, घड्याळ, अंगठ्या आणि बांगड्या बाहेर राहतात आणि कोपरापर्यंत हात धुतले जातात. लग्न झालेल्या मुलीला हिरव्या बांगड्या काढताना जे अवघडलेपण येते त्याची टिंगल न करता कारण समजावून सांगणारी सिस्टर भेटली, तर तो नियम जन्मभर पाळला जातो. कारण साधे आहे. वेळेआधी जन्मलेल्या बाळाची त्वचा पातळ असते, गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत आईकडून वारेतून मिळणारी रोगप्रतिकारक द्रव्ये त्याला पुरती मिळालेली नसतात, आणि म्हणून बांगडीखाली राहिलेले जंतू मोठ्या माणसाला काहीही न करता त्याच्या रक्तात पोहोचू शकतात.

त्यानंतर अंगावर येतो तो आवाज. यंत्रांच्या सूचना-घंटा एकामागून एक वाजत असतात आणि नव्या मुलीला प्रत्येक घंटा सारखीच भयंकर वाटते. अनुभवी सिस्टर मात्र एका घंटेकडे मान वळवून पाहतही नाही आणि दुसऱ्या घंटेला हातातले काम टाकून धावते. अमेरिकेतील परिचर्या-अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात परिचारिकेच्या कौशल्याच्या, नवशिकी ते तज्ज्ञ अशा, पाच पायऱ्या मांडल्या. त्यांचे म्हणणे असे, की नवशिकी व्यक्ती नियमांच्या आधाराने चालते आणि तज्ज्ञ व्यक्ती समोरचे दृश्य एकसंध पाहते, त्यातले महत्त्वाचे काय ते तिला वेगळे काढावे लागत नाही. एका पोस्टिंगमध्ये कोणी तज्ज्ञ होत नाही. पण तज्ज्ञ नजर कुठे वळते हे पाहायला मिळणे, आणि ‘सिस्टर, तुम्ही आत्ता काय पाहिलंत?’ असे विचारायची मुभा असणे, हाच या पोस्टिंगचा गाभा आहे.

बाळ निवते कसे

कक्षातली सर्वांत पहिली आणि सर्वांत उपयोगी शिकवण उबेची असते. टोपातला भात बराच वेळ गरम राहतो आणि त्यातलाच वाटीभर ताटात पसरला की लगेच निवतो, कारण पसरलेल्या भाताचे अंग त्याच्या मानाने जास्त उघडे असते. नवजात बाळाचेही तसेच आहे. वजनाच्या मानाने त्याची त्वचा मोठ्या माणसाहून कितीतरी अधिक असते आणि त्यातही डोक्याचा वाटा मोठा असतो. त्यातून उष्णता चार वाटांनी जाते: ओल्या अंगावरचे पाणी उडून जाताना, थंड वजनकाट्याला किंवा कापडाला अंग टेकल्याने, पंख्याच्या वाऱ्याने, आणि जवळच्या गार भिंतीकडे किंवा खिडकीकडे नुसती किरणांवाटे. यातली पहिली वाट जन्मल्या क्षणी सर्वांत रुंद असते, म्हणून बाळ कोरडे करून ओले कापड दूर टाकणे हे औषधाइतके महत्त्वाचे ठरते.

मोठा माणूस थंडीत कुडकुडतो. नवजात बाळ सहसा कुडकुडत नाही, ते मानेभोवती आणि पाठीत साठवलेली एक विशिष्ट तपकिरी चरबी जाळून उष्णता निर्माण करते. ही चरबी गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत साठते, त्यामुळे लवकर जन्मलेल्या बाळाकडे ती फार थोडी असते. जी असते ती जाळायला प्राणवायू आणि साखर लागते. म्हणून थंड पडलेल्या बाळाची साखर उतरते, श्वास जोरात चालतो, आणि तेच बाळ दूध ओढायचे सोडून देते. थंडी, साखर आणि श्वास या तीन तक्रारी वेगवेगळ्या प्रकरणांत शिकलेल्या विद्यार्थिनीला त्या एकाच दोरीने बांधलेल्या आहेत हे कळते ते बाहेरून आलेले बाळ दाखल होताना.

प्रत्यक्षात कक्षातल्या बहुतेक बाळांना बंद पेटीपेक्षा उघड्या ‘वॉर्मर’वर ठेवलेले असते. वरून उष्णता देणारा दांडा, खाली गादी, आणि बाळाच्या पोटावर चिकटवलेला नाण्याएवढा संवेदक, ज्याला ‘प्रोब’ म्हणतात. हा प्रोब त्वचेचे तापमान यंत्राला कळवतो आणि ठरवलेल्या अंशापेक्षा ते खाली गेले की यंत्र उष्णता वाढवते. आता प्रोबची चिकटपट्टी सैल होऊन तो गादीवर पडला, तर यंत्र खोलीच्या हवेचे तापमान बाळाचे समजते आणि उष्णता वाढवतच जाते. बाळ तापते आणि आकड्यावर मात्र ते थंड दिसते. ‘आकडा वाचण्याआधी बाळाला हात लावा’ हे वाक्य जुन्या सिस्टर सतत का ऐकवतात ते या छोट्या चिकटपट्टीपाशी कळते.

चौकट : हाताने तापमान ओळखणे

हात स्वच्छ आणि कोरडा करून त्याची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला आणि मग तळपायाला लावावी. दोन्ही उबदार आणि गुलाबी असतील तर बाळ ठीक आहे. पोट उबदार पण पाय गार असतील तर बाळावर थंडीचा ताण आहे, त्याला तत्काळ आईच्या अंगाशी घ्यावे, टोपडे आणि मोजे घालावेत, वरून दुपटे घ्यावे. पोट आणि पाय दोन्ही गार असतील तर बाळ धोक्यात आहे, ऊब देत देतच पुढे हलवण्याची तयारी करावी. काखेत मोजलेले तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे, ३६ च्या खाली ते घसरले तर उशीर करू नये.

श्वासाचे गणित आणि एक इंजेक्शन

वेळेआधी आलेल्या बाळाचे कण्हणे अनेक विद्यार्थिनींना पहिल्यांदा रडण्याचाच प्रकार वाटतो. ते तसे नाही. फुप्फुसात हवेच्या असंख्य बारीक पिशव्या असतात आणि त्यांच्या आतल्या ओलसर थराची ओढ त्यांना मिटवू पाहते. ही ओढ कमी करणारा एक साबणासारखा निसरडा पदार्थ फुप्फुसेच तयार करतात, त्याला ‘सर्फॅक्टंट’ म्हणतात. तो पुरेसा तयार होण्यासाठी गर्भाला साधारण चौतीस-पस्तीस आठवडे लागतात. त्याआधी जन्मलेल्या बाळाच्या पिशव्या प्रत्येक उच्छ्वासाबरोबर मिटतात आणि प्रत्येक श्वासाला त्या नव्याने उघडाव्या लागतात. बाळ श्वास सोडताना गळा आवळून थोडी हवा आत अडकवून ठेवते आणि तेच कण्हणे ऐकू येते. ‘सीपॅप’ नावाचे यंत्र बाळाचे हेच काम करते: नाकातून सतत किंचित दाबाने हवा देते, आणि त्याच्या साध्या प्रकारात तर नळीचे दुसरे टोक बाटलीतल्या पाण्यात पाच-सहा सेंटिमीटर बुडवून तो दाब राखलेला असतो. पाण्यात बुडबुडे येत आहेत ना, हे पाहण्याचे काम विद्यार्थिनीला पहिल्या आठवड्यातच मिळते.

इथे एक गोष्ट लक्षात येते, जिचा संबंध थेट दासगावशी आहे. न्यूझीलंडमधील ग्रॅहम लिगिन्स आणि रॉस हाउवी यांनी १९७२ साली दाखवून दिले, की बाळंतपण वेळेआधी होण्याची लक्षणे असताना आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले तर बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. लिगिन्स यांना हे प्रथम मेंढ्यांवरच्या प्रयोगांत दिसले होते. भारत सरकारच्या २०१४ च्या सूचनांनुसार चोवीस ते चौतीस आठवड्यांच्या दरम्यान अशा कळा सुरू झालेल्या आईला डेक्सामेथासोनचे सहा मिलिग्रॅमचे इंजेक्शन बारा-बारा तासांनी चार वेळा द्यायचे असते, आणि पुढच्या रुग्णालयात पाठवण्यापूर्वीचा पहिला डोस सहायक परिचारिका प्रसाविकाही देऊ शकते. उपकेंद्राच्या कपाटातली ही स्वस्त कुपी किती मोलाची आहे, हे सीपॅपवर झगडणारे बाळ आठवडाभर पाहिलेल्या मुलीला वेगळे सांगावे लागत नाही. ज्या अभ्यासक्रमात हे इंजेक्शन औषधशास्त्राच्या वहीत आणि ते बाळ बालरोगाच्या वहीत राहते, तिथे हा दुवा सुटतो.

पाहणाऱ्या परिचारिकेने लावलेला शोध

निळ्या दिव्याखाली डोळ्यांवर पट्टी बांधून झोपलेले कावीळ झालेले बाळ हे या कक्षातले नेहमीचे दृश्य आहे. या उपचाराचा उगम एका सिस्टरच्या निरीक्षणात आहे. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्ड रुग्णालयात वेळेआधी जन्मलेल्या बाळांची जबाबदारी असलेल्या सिस्टर वॉर्ड ऊन असलेल्या दिवशी बाळांना अंगणात नेत. १९५६ च्या उन्हाळ्यात त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडे करून दाखवले: त्याचे सारे अंग फिके झाले होते आणि एका त्रिकोणी पट्ट्यावर मात्र गडद पिवळा रंग उरला होता. चादरीचा कोपरा तेवढ्याच जागेवर दुमडून पडलेला होता आणि तिथे ऊन पोहोचले नव्हते. पुढे रिचर्ड क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रकाशाच्या उपचाराविषयी लेख प्रसिद्ध केला. त्वचेतल्या बिलिरुबिन या पिवळ्या द्रव्याची रचना प्रकाशाने, विशेषतः निळ्या प्रकाशाने, बदलते आणि मग ते शरीराबाहेर टाकणे सोपे जाते, अशी त्यामागची क्रिया आहे.

या कथेवरून कोवळ्या उन्हात ठेवले की कावीळ जाते असा निष्कर्ष मात्र काढू नये. उन्हाची मात्रा मोजता येत नाही, उघडे बाळ गार पडते किंवा त्याची त्वचा भाजते, आणि वाढत जाणारी कावीळ मेंदूला कायमची इजा करू शकते. प्रसाविकेने शिकायचे ते बाळाला उजेडात नेऊन, त्वचा बोटाने दाबून, बोट काढल्यावर उमटणारा रंग पाहणे. पिवळेपणा चेहऱ्यावरून खाली उतरत जातो, तळहात आणि तळपाय पिवळे झाले असतील किंवा पहिल्या चोवीस तासांतच कावीळ दिसली असेल, तर तो रुग्णालयाचा प्रश्न आहे. सावळ्या बाळात हे ओळखणे अवघड जाते, आणि म्हणूनच पुस्तकातल्या रंगीत चित्रापेक्षा आपल्याकडची बाळे पाहून तयार झालेली नजर अधिक भरवशाची असते.

दूध आणि आई

दूध ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्यापर्यंत बसत नाही. तोवर बाळाला नळीने आणि मग वाटी-चमच्याने किंवा बोंडल्यासारख्या चोचीच्या भांड्याने आईचे काढलेले दूध पाजावे लागते. मात्रा किती लहान असते याची कल्पना हिशेबाने येते. दीड किलोहून लहान बाळाला पहिल्या दिवशी किलोमागे सुमारे ८० मिलीलिटर द्रव लागते, म्हणजे १,२०० ग्रॅमच्या बाळाला दिवसाला ९६ मिलीलिटर, आणि दोन-दोन तासांनी दिले तर एका वेळी जेमतेम ८ मिलीलिटर, दोन लहान चमचेसुद्धा पुरते नाहीत. ‘मला दूधच येत नाही’ म्हणून रडणाऱ्या आईला हा हिशेब सांगितला की तिच्या हातातल्या वाटीच्या तळाशी जमलेले चिकाचे दूध कमी वाटेनासे होते.

आईच्या दुधाच्या बाबतीत मुंबईने देशाला वाट दाखवली. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. एखाद्या आईला दूध येईपर्यंत तिच्या बाळाला दुसऱ्या आईने दिलेले, निर्जंतुक केलेले दूध मिळू शकते ही सोय त्यातून उभी राहिली. पण ज्या गावात पेढी नाही तिथे आईचे स्वतःचे दूध सुरू ठेवणे हाच मार्ग असतो, आणि दिवसातून आठ वेळा दूध काढायला लावणे हे काम कोणतेही यंत्र करत नाही.

या ठिकाणी प्रसाविकेची विद्यार्थिनी बालरोग विभागाच्या विद्यार्थिनीहून वेगळी ठरते. तिने प्रसूतीकक्षात या आईला पाहिलेले असते. सिझेरियन होऊन चार भिंतींपलीकडे पडलेल्या, बाळाचे तोंडही नीट न पाहिलेल्या त्या बाईला बाळाच्या खाटेपाशी आणणे, त्याच्या हाताला हात लावू देणे, आणि घरच्यांना ‘पेटीत ठेवले म्हणजे आशा सोडली’ असे वाटत असेल तर त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलणे, हे तिला सहज जमते. महाडकडच्या आजीला शहरी डॉक्टरचे ‘स्टेबल आहे’ कळत नाही. दासगावच्या मुलीने ‘आजी, आता दूध पचतंय त्याला’ म्हटले की कळते.

कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला उघड्या अंगाने आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवणे, कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८ साली पेट्यांच्या टंचाईतून सुरू झाली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एक किलो ते १,७९९ ग्रॅम वजनाच्या ३,२११ बाळांचा अभ्यास झाला. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच कांगारू पद्धत सुरू केलेल्या गटात २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १२ टक्के होते आणि नेहमीच्या पद्धतीने, आधी वॉर्मरवर ठेवलेल्या गटात १५.७ टक्के. ज्या प्रसाविकेला गावात पेटी मिळणार नाही तिच्यासाठी याहून आश्वासक निष्कर्ष शोधून सापडणार नाही.

पोस्टिंग वाया कसे जाते

इतके सगळे शिकण्यासारखे असूनही अनेक मुली या कक्षातून रजिस्टर भरण्याचा सराव घेऊन बाहेर पडतात. नियमांनुसार दर पाळीत तीन-चार खाटांमागे एक परिचारिका असावी. बाळांची संख्या खाटांपेक्षा वाढली की सिस्टरला शिकवायला वेळ उरत नाही आणि विद्यार्थिनी एकतर कोपऱ्यात उभी राहते किंवा कापूस, नोंदी आणि निरोप यांच्यासाठी धावत राहते. रोज नव्या सिस्टरबरोबर जोडली गेलेली मुलगी रोज नव्याने ‘ही कोण?’ या नजरेला सामोरी जाते. ऑस्ट्रेलियातील अभ्यासक ट्रेसी लेवेट-जोन्स यांनी विद्यार्थी परिचारिकांच्या अशाच अनुभवांचा अभ्यास करून दाखवले, की आपण या वॉर्डातले आहोत ही भावना मिळाली तर विद्यार्थी प्रश्न विचारतात आणि शिकतात, ती नसेल तर चुकीचे होताना दिसले तरी गप्प राहतात. नवजात कक्षात हे गप्प राहणे फार महाग पडते. पाळी बदलताना ओव्हर देता-घेताना विद्यार्थिनीला तिच्या एका बाळाची माहिती स्वतःच्या तोंडाने सांगायला लावणे, एवढ्या लहानशा प्रथेनेही हे चित्र बदलू शकते.

दुसरी गोष्ट मृत्यूची. प्रसूतीकक्षात आनंद पाहायची सवय झालेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीच्या देखत बाळ दगावते, आणि पुष्कळदा त्याला पुसून, कपड्यात गुंडाळून नातेवाइकांच्या हाती देण्याचे काम तिच्याकडेच येते. त्यानंतर तिला लगेच दुसऱ्या बाळाचे तापमान घ्यायला पाठवले जाते. रडणारी मुलगी या कामाला कच्ची, असा जो समज काही ठिकाणी आहे तो अन्यायाचा आहे आणि शिक्षणाच्या दृष्टीने घातकही. ट्यूटरने पाळी संपताना तिच्याशी बसून काय घडले, काय करता आले, काय कोणालाच करता आले नसते हे बोलणे अभ्यासक्रमाचाच भाग मानले पाहिजे. भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या अशाच कक्षात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे लागलेल्या आगीत दहा बाळे दगावली. तेव्हापासून कक्षातले बाहेर पडण्याचे मार्ग, विजेची जोडणी आणि आग विझवण्याचे साधन विद्यार्थिनीला पहिल्याच दिवशी दाखवणे याला कोणतीही सबब चालू नये.

अलिबागहून परत दासगावला

२०१८ पासून केंद्र सरकारने प्रसाविकांच्या स्वतंत्र सेवेचा कार्यक्रम हाती घेतला असून त्यात नोंदणीकृत परिचारिकांना अठरा महिन्यांचे विशेष प्रशिक्षण दिले जाते. राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदाही २०२३ साली झाला. या शिक्षणात नवजात कक्षाचा अनुभव कसा बांधायचा याचा विचार करताना गडचिरोलीचे उदाहरण समोर ठेवण्यासारखे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत थोडे शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि इंजेक्शन द्यायला शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार तुलनेच्या गावांच्या मानाने तिथला नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. रुग्णालयातली ओळखण्याची विद्या गावापर्यंत नेता येते, हे त्यातून सिद्ध झाले.

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत या विद्येला आणखी एक अडचण पार करावी लागते. इथली पुष्कळ माणसे मुंबईला कामाला असतात, पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते, आणि मुंबईच्या कक्षात महिनाभर राहिलेले बाळ एके दिवशी दासगावच्या वाडीत उतरते. त्याची कागदपत्रे पिशवीत असतात आणि गावातल्या आशा कार्यकर्तीला, म्हणजे आशाताईला, ते आल्याचे कळतही नाही. एरवी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, पण हे बाळ त्या यादीत नसते. घरात त्याला शेक-धुरी सुरू होते. बाळंतिणीच्या बंद खोलीतला धूर नुकत्याच सावरलेल्या फुप्फुसांना सोसत नाही, आणि टाळू भरून रोज न्हाऊ घातलेले लहान बाळ पुन्हा निवते.

नवजात कक्षात काम केलेली प्रसाविका अशा घरी गेली की काय पाहावे हे तिला ठाऊक असते. ती पोट आणि तळपाय हाताने पाहते, वजनाची मागची नोंद शोधते, आणि सुटीच्या कागदावर डोळे तपासण्याची तारीख आहे का ते बघते. दोन किलोहून कमी वजनाच्या किंवा चौतीस आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर चार आठवड्यांच्या सुमारास तपासावा लागतो. अशा बाळाच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्यांची वाढ बिघडू शकते आणि प्राणवायू जास्त मिळालेल्या बाळात हा धोका वाढतो. वेळेत उपचार न झाल्यास बाळाची दृष्टी जाते. ही तारीख चुकली तर बाळ वरकरणी धडधाकट दिसते, म्हणून घरच्यांना जायची गरज वाटत नाही.

याच कारणाने विद्यार्थिनींच्या पोस्टिंगमध्ये उलट्या दिशेचा एक दिवस असावा: कक्षातून सुटी मिळालेल्या बाळाच्या घरी आशाताईंबरोबर जाण्याचा. आणि सुलट दिशेचाही एक, बाळ पुढे पाठवण्याच्या प्रत्यक्ष सरावाचा: १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधणे, टोपडे घालणे, गिळत असेल तर दूध पाजणे, आईला दिलेले इंजेक्शन आणि त्याची वेळ चिठ्ठीवर लिहिणे, आणि अलिबागच्या कक्षाला फोन करून वजन, आठवडे आणि श्वास सांगणे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे आजारी नवजात बाळाला सरकारी रुग्णालयात नेणे, तिथले उपचार आणि घरी परतणे मोफत आहे, आणि घाबरलेल्या कुटुंबाला गाडीत बसण्यापूर्वी हेही स्पष्ट सांगायचे असते, कारण खर्चाच्या भीतीने ‘उद्या सकाळी बघू’ म्हणणारी घरे अजून आहेत.